कापलेलं कूपन

रोज सकाळी ऑफिसला जाताना मला मेपल रोड लागतो. ट्रॉय, मिशिगन. दोन्ही बाजूंना बैठ्या इमारती, समोर पार्किंग, मध्येच एखादं टायरचं दुकान. नऊ वर्षं मी त्या रस्त्यावरून गेलो, पण त्यात बघण्यासारखं काही आहे असं एकदाही वाटलं नव्हतं. मग एका रविवारी बेसमेंटमध्ये १९६३ सालचं एक पिवळं पडलेलं मासिक स्कॅन करत होतो, तेव्हा जाहिरातीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत पत्ता दिसला: एएमटी कॉर्पोरेशन, ईस्ट मेपल रोड, ट्रॉय, मिशिगन. म्हणजे सगळ्या अमेरिकेतली पोरं दीड-दोन डॉलर साठवून ज्या प्लॅस्टिकच्या गाड्या विकत आणायची, त्या आमच्या या रस्त्यावरून निघत होत्या! दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर मी गाडी इतकी हळू चालवली की मागच्याने हॉर्न दिला. इथे हॉर्न देणं म्हणजे पुण्यात आईवरून शिवी देण्यासारखं आहे.

मी मूळचा चिंचवडचा. वडील टेल्कोत, त्यामुळे घरात गाडी नसली तरी गाड्यांच्या गप्पा भरपूर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आपल्याकडे लिओ मॅटेलच्या छोट्या गाड्या मिळायला लागल्या. तेव्हा माझं वय खरं तर त्या गाड्या खेळायचं राहिलं नव्हतं, तरी दोन घेतल्या आणि स्क्रू-ड्रायव्हरने उघडून बघायच्या नादात दोन्ही मोडल्या. सुटे भाग घेऊन, रंगवून, चिकटवून गाडी जोडायची असते आणि त्यावर मोठी माणसंही वर्षानुवर्षं घालवतात, हे कळलं ते इथे आल्यावर. आता दिवसा कॉम्प्युटरवर खऱ्या गाड्यांचे दरवाजे आणि रात्री बेसमेंटमध्ये १/२५ मापाचे दरवाजे असा संसार चालतो. बायको म्हणते, तुला दरवाजांचाच कंटाळा येत नाही का?

मासिकं माझ्याकडे आली ती माझ्या इथल्या पहिल्या नोकरीतल्या सुपरवायझरकडून. ते डाय-मेकर, म्हणजे कारखान्यासाठी साचे बनवणारे. ‘हजारावा भाग’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, हे ते बोटांनी सांगायचे आणि मग खरोखरच मोजून दाखवायचे. सात वर्षांपूर्वी मोठं घर विकून ते लहान जागेत गेले. जाताना मला फोन केला, पाच खोकी आहेत, नेणार असशील तर ने, नाहीतर गुरुवारी कचऱ्याची गाडी येते. इथे रद्दीवाला नसतो. आपल्याकडे निदान काट्यावर ठेवून, दांडी मारून का होईना, कुणीतरी किलोचा भाव देतं. इथे कागद फुकट जातो, आणि फुकट जाणाऱ्या वस्तूकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. मी बुधवारी संध्याकाळीच जाऊन खोकी उचलली.

खोक्यांत काय होतं? ‘कार मॉडेल’, ‘मॉडेल कार सायन्स’, ‘रॉड अँड कस्टम’चे काही अंक, आणि सगळ्यात वर ‘स्केल ऑटो एन्थुझिअस्ट’ हे १९७९ साली सुरू झालेलं, त्यामानाने पोरसवदा मासिक. वास म्हणाल तर आजोळच्या माळ्यावरच्या ट्रंकेचा. दोन अंकांत कसर लागलेली. एका अंकात पानांमध्ये चिकटून बसलेला गाडीचा बंपर, क्रोमचा, पूर्ण शाबूत.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. एएमटी म्हणजे ‘ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज’. १९४८ ची कंपनी. गाडीच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकाला दाखवायला, त्याच्या पोराच्या हातात द्यायला, नव्या गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती ती बनवायची. तिला इथे ‘प्रोमो’ म्हणतात. रंगसुद्धा खऱ्या गाडीच्या रंगाशी जुळवलेला. प्लॅस्टिकचे सुरुवातीचे प्रोमो ॲसिटेटचे, आणि ते प्लॅस्टिक वर्षं गेली की वाकतं. आज ते हातात घेतले तर छप्पर खचलेलं, बॉनेट वर आलेलं, जणू गाडी उन्हात वितळायला ठेवली होती. पुढे कंपन्या पॉलिस्टायरीनवर आल्या तेव्हा ही कटकट संपली. १९५८ साली एएमटीने त्याच साच्यांमधून किट, म्हणजे सुटे भाग जोडायचा संच, काढलं, ‘थ्री-इन-वन’. एकाच खोक्यातून गाडी तीन तऱ्हांनी बांधता येते: कारखान्यातून आली तशी, हौसेने सजवलेली, किंवा शर्यतीची. उरलेले भाग डब्यात पडतात आणि पुढच्या गाडीला लागतात. आजही जुन्या हौशी माणसाकडे गेलात तर तो पहिल्यांदा तयार गाडी दाखवत नाही, हा उरलेल्या भागांचा डबा दाखवतो.

डेट्रॉईटच्या आसपासच हे सगळं. एएमटी ट्रॉयमध्ये, एमपीसी माउंट क्लेमेन्समध्ये, जो-हॅन खुद्द डेट्रॉईटमध्ये. साहजिक आहे, खऱ्या गाड्यांची ड्रॉइंग इथेच मिळायची. गाडी बाजारात यायच्या आधी तिची मापं मॉडेलवाल्यांच्या हातात असायची. म्हणूनच त्या काळची मॉडेल्स इतकी नेमकी आहेत. जो-हॅनने क्रायस्लरच्या टर्बाइन कारचं किट काढलं होतं. ही विमानासारखं टर्बाइन-इंजिन बसवलेली गाडी, १९६३-६४ साली ५५ बनल्या, त्यातल्या ५० गाड्या लोकांना वापरून बघायला दिल्या, आणि मग परत घेऊन बहुतेक चिरडून टाकल्या. आज खऱ्या ९ उरल्यात. प्लॅस्टिकच्या कितीतरी जास्त उरल्यात.

आता मासिकांचा संबंध. किटच्या खोक्यात फक्त ‘भाग क्रमांक अमुक तमुकला चिकटवा’ एवढा कागद असतो. खरी कला मासिकांत होती. उरलेल्या प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धरून ताणली की केसाएवढी तार होते आणि तिची एरियल करता येते. शिवणाच्या दोऱ्याची स्पार्क प्लगची वायर कशी करायची. प्लॅस्टिकचे तुकडे गोंदात विरघळवून फटी भरायची लांबी (पुट्टी) कशी बनवायची. हे सगळं चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांसाठी लिहिलेलं, आणि लिहिणारेही फार मोठे नसावेत, कारण ‘आईला विचारल्याशिवाय ओव्हनला हात लावू नका’ अशी वाक्यं फार मनापासून आलेली आहेत.

आणि गोंदाची तर वेगळीच कहाणी आहे. त्या काळच्या मॉडेलच्या गोंदात टोल्युईन हे द्रावक असायचं, आणि पोरं गोंद चिकटवायच्या ऐवजी हुंगायला लागली. मग साठच्या दशकाच्या शेवटाकडे टेस्टर्स कंपनीने आपल्या गोंदात मोहरीचा अर्क घातला. हुंगलं की नाकात अशी झिणझिणी जायची की पुन्हा कुणाची हिंमत होऊ नये. हे मी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, मग आपल्या लोणच्याच्या बरणीशेजारी बसवायचं होतं पोरांना, फुकटात झालं असतं.

असो. स्कॅनिंगकडे येतो, कारण त्यात मी जेवढ्या चुका केल्या तेवढ्या आयुष्यात इतरत्र केल्या नसतील (लग्नाचा हॉल ठरवणं सोडून).

पहिली चूक: शीट-फीडर, म्हणजे पानं आपोआप आत ओढणारा स्कॅनर. पिना काढल्या, पानं सुटी केली, गठ्ठा फीडरमध्ये ठेवला आणि चहा करायला वर गेलो. खाली आलो तोवर मशीनने मुखपृष्ठ गिळून त्याची पंख्यासारखी घडी घातलेली. साठ वर्षांचा कागद रबरी रोलरच्या लायकीचा राहत नाही. आतलं पान स्वस्त लगद्याचं असतं, त्यातलं लिग्निन हवा-उजेडाने पिवळं पडतं, आम्ल सुटतं, कागद पापडासारखा होतो. दुमडलात की तुटला. त्या दिवशीपासून फ्लॅटबेड, म्हणजे काचेचा सपाट स्कॅनर, एक एक पान, हाताने. एका अंकाला सव्वा ते दीड तास लागतो. मी त्या वेळात नाट्यसंगीत ऐकतो. ‘घेई छंद मकरंद’ आणि शेवरले इम्पाला ही जोडी वाटते तितकी विजोड नाही.

पिना काढायची पद्धत सांगून ठेवतो, कारण ती कुणी सांगत नाही. अंक मधोमध उघडायचा. गंजलेल्या पिनेची दोन टोकं दुमडलेली दिसतात. त्यांच्याखाली आधी प्लॅस्टिकचं पातळ कार्ड सरकवायचं, म्हणजे अवजार कागदाला लागत नाही. मग बोथट सुरीने टोक उभं करायचं, एका झटक्यात नाही, थोडं थोडं, नाहीतर गंजलेली पिन तिथेच मोडते. दोन्ही टोकं उभी झाली की अंक पालथा घालून पाठीच्या बाजूने पिन चिमट्याने सरळ ओढून घ्यायची. पिनेच्या जागी गंजाचे दोन तपकिरी ठिपके राहतात. ते तसेच राहू द्यायचे. फोटोशॉपमध्ये ते पुसावेत असा मोह होतो. मी पुसत नाही.

दुसरी चूक: चित्र ‘छान’ करणं. छापलेला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. ती जाळी आणि स्कॅनरची जाळी एकमेकींवर आल्या की चित्रावर लाटा दिसतात, दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्यावर दिसतात तशा. स्कॅनरमध्ये त्यावर उपाय म्हणून एक बटण असतं, लाटा घालवणारं. मी ते दाबून ठेवलं आणि ११ अंक केले. बाराव्या अंकात एका पॉन्टिअ‍ॅकच्या पुढच्या जाळीचा जवळून काढलेला फोटो होता. मूळ पानावर उभ्या दांड्या मोजता येत होत्या. माझ्या स्कॅनमध्ये नुसता करडा पट्टा. ठिपक्यांबरोबर त्या बटणाने दांड्याही घालवल्या होत्या. अकराचे अकरा अंक पुन्हा स्कॅन केले. आता मूळ प्रत जशी आहे तशी, लाटा येवोत नाहीतर वादळ. गुळगुळीत करायचं ते नंतर, वेगळ्या प्रतीत.

पानामागे काळा कागद ठेवायचा, पांढरा नाही. पांढरा ठेवला तर मागच्या बाजूचा मजकूर उलटा होऊन पुढे झिरपतो. आणि प्रत्येक पानाशेजारी, काचेच्या वरच्या कडेला, मी सहा इंची स्टीलची पट्टी ठेवतो. ही सवय त्या डाय-मेकरचीच. ‘ज्या चित्रात माप नाही ते चित्र नुसती गोष्ट आहे’ असं काहीसं ते म्हणायचे.

जागा किती लागते तेही सांगतो, कारण सुरुवातीला मला अंदाज नव्हता. साडेआठ बाय अकरा इंचाचं पान ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) रंगीत घेतलं की न दाबलेली फाइल साधारण १०० एमबीची होते. ६८ पानांचा अंक म्हणजे सात जीबीच्या आसपास. ४०० डीपीआयला तेच तीन जीबीवर येतं, आणि मजकुराच्या पानांना तेवढं पुरतं. मुखपृष्ठं, फोटो आणि नकाशे मी ६०० ला घेतो. तिसरी चूक इथेच झाली. सगळं एकाच हार्ड डिस्कवर होतं आणि ती एका फेब्रुवारीत मेली. मरताना तिने घड्याळासारखा टिक टिक आवाज केला, आणि मी मूर्खासारखा तो आवाज ऐकत बसलो. तीस-एक अंक गेले. सुटी केलेली पानं मी पाकिटांत नीट ठेवली होती म्हणून वाचलो. आता दोन डिस्क घरी, एक बहिणीकडे शिकागोला, आणि दर दिवाळीला फाइलींची पडताळणी. लक्ष्मीपूजनाला लोक वह्या पूजतात, मी चेकसम चालवतो.

मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआरही (चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरने ओळखणं) करतो, पण त्याच्याकडून फार अपेक्षा नाहीत. तो ‘चेव्ही’चं ‘चेरी’ करतो. तीन कॉलमच्या लेखात मध्येच जाहिरात आली की वाक्य गाडीचं छप्पर कापण्यापासून सुरू होतं आणि गोंदाच्या किमतीवर संपतं. गेल्या गणेशोत्सवात मंडळातल्या एका काकूंनी त्यांच्या सासऱ्यांचे जुने दिवाळी अंक दाखवले, याचंही करशील का म्हणून. कागद तोच, पिना त्याच, कसर तीच. ओसीआरने मात्र जोडाक्षरांचं जे काही केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं कुणीतरी आधीच केलेलं असेल ना, असं बायकोने पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. काही अंक इंटरनेटवर सापडतात. पण ज्याने केलंय त्याने बहुधा लेख केलेत, आणि ‘नको ती’ पानं गाळलीत. म्हणजे जाहिराती, वाचकांची पत्रं, कूपनं, वर्गणीचं कार्ड. तिथेच माझं डोकं फिरतं. माझ्याकडे एखादी जुनी, वेडीवाकडी चिकटवलेली गाडी येते (असल्या गाडीला इथे ‘ग्लू बॉम्ब’ म्हणतात, नाव अगदी योग्य आहे), तेव्हा मला तिची चाकं मूळ किटची आहेत की दुसऱ्या कुठल्या हे ठरवायचं असतं. ते लेखात मिळत नाही. ते मिळतं पाठच्या जाहिरातीत, जिथे त्या वर्षीच्या किटचा फोटो किमतीसकट छापलेला असतो. कुठला रंग कधी बाजारात आला, कुठलं दुकान टपालाने भाग विकायचं, १९६४ च्या सुमाराला स्लॉट-कार नावाच्या, खाचेतून विजेवर पळणाऱ्या गाड्यांनी ही मासिकं कशी गिळायला घेतली आणि तीन-चार वर्षांत तो ताप कसा उतरला, हे जाहिरातींची पानं मोजली की कळतं. संपादकीयात तेव्हाही सगळं उत्तमच चाललेलं असायचं.

मग लोकांना का देत नाहीस, असं मला हौशी मंडळींमधले निम्मे विचारतात. कॉपीराइटचा कायदा आडवा येतो, आणि तो मजेशीर आहे. अमेरिकेत १९६३ पर्यंत छापलेल्या अंकाचा हक्क २८ वर्षांनी नव्याने नोंदवावा लागायचा. नोंदवला नसेल तर अंक सगळ्यांचा. म्हणून १९६२-६३ चा अंक हातात आला की मी आधी नूतनीकरणाच्या नोंदी चाळतो. पण १९६४ पासून पुढच्यांना ते नूतनीकरण कायद्याने आपोआप मिळालं, आणि मुदत झाली ९५ वर्षं. मासिक बंद पडलेलं, प्रकाशक विकला गेलेला, हक्क कुणाकडे ते सांगायला कुणी शिल्लक नाही, तरी १९६५ चा अंक २०६० संपेपर्यंत बंदच. तेव्हा मी पंच्याऐंशीचा असेन. कागद तोवर राहील याची मी खात्री देत नाही. मी तूर्त इतकंच करतो की सगळं स्कॅन करून ठेवतो, १९६३ पर्यंतचे तपासून मोकळे करतो, आणि बाकीच्यांतलं कुणाला एखादं माप हवं असेल तर पट्टी लावून मोजून सांगतो.

आता कूपनाची गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो.

तिसऱ्या खोक्यात १९६५ चा एक अंक होता. त्यात १९४९ च्या मर्क्युरी गाडीचं छप्पर ठेंगणं करण्यावर लेख. इथे त्याला ‘चॉप’ म्हणतात: खिडक्यांचे खांब मधून कापायचे आणि छप्पर खाली बसवायचं. ऐकायला सोपं आहे. पण खांब तिरके असतात, त्यामुळे छप्पर खाली आणलं की ते पुढे किंवा मागे जुळत नाही, मधून कापून लांबवावं लागतं. त्यासाठी लेखात खऱ्या आकाराचं साच्याचं चित्र दिलं होतं, कागद कापून प्लॅस्टिकवर ठेवायचा आणि त्याबरहुकूम कापायचं. चित्राच्या नेमक्या मधल्या भागात चौकोनी भोक होतं. उलट्या बाजूला कॅटलॉग मागवायचं कूपन, ते कुणीतरी कात्रीने नीट कापून घेतलेलं.

मी सुपरवायझरना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग खो खो हसायला लागले. तेव्हा ते चौदा वर्षांचे. कूपन कापलं, पंचवीस सेंटचं नाणं चिकटवलं, टपालात टाकलं, आणि घरी येऊन पान उलटलं. कॅटलॉग आला. मर्क्युरी मात्र तशीच राहिली. अंदाजाने एकदा कापली ती वाया गेली, आणि दुसरं किट घ्यायला घरून पैसे मिळाले नाहीत. पुढे जन्मभर लोखंडाचे साचे केले त्या माणसाने.

इंटरनेटवर त्याच अंकाचं एक स्कॅन सापडलं. त्यात लेख होता, चित्राचं पानच नव्हतं. मग दुसरी प्रत विकत घेतली, टपालखर्च धरून १९ डॉलर. उघडून बघतो तर त्यातही कूपन कापलेलं! कात्रीने नाही, हाताने फाडलेलं, त्यामुळे भोक आणखी मोठं. मला हसू आवरेना. १९६५ साली या देशातल्या किती पोरांनी एकाच महिन्यात एकाच गाडीचं छप्पर असं कापून टाकलं असेल?

तिसरी प्रत यायला दीड वर्ष लागलं. आली ती आयोवातून, जुन्या पुस्तकांच्या एका विक्रेत्याकडून, ‘स्थिती साधारण, आत लिखाण आहे’ अशा शेऱ्यासह. मी पाकीट जेवणाच्या टेबलावरच फोडलं. कूपन होतं. पेन्सिलने भरलेलंही होतं. नाव, रस्ता, गाव, राज्य, अक्षर गोल आणि काळजीपूर्वक, वय या रकान्यात १२. खालच्या कोपऱ्यात पिवळी होऊन तडकलेली चिकटपट्टी, आणि तिच्याखाली नाण्याचा गोल वळ. नाणं नव्हतं. काढून घेतलं होतं. बायको बराच वेळ ते बघत होती, मग म्हणाली, आइस्क्रीम खाल्लं असेल त्याचं.

ते पान मी चारदा स्कॅन केलं. मूळ प्रतीत मुलाचं नाव-पत्ता आहे तसा आहे, दुसऱ्यांना दाखवायच्या प्रतीत झाकलाय. चिकटपट्टीला हात लावला नाही. तिन्ही प्रती तीन वेगळ्या पाकिटांत ठेवल्या आणि फाइलींच्या नावांत ‘कापलेली’, ‘फाडलेली’, ‘भरलेली’ असं लिहून ठेवलं.

मग पान उलटून साच्याचं चित्र प्रिंट केलं, जाड कागदावर, आणि सुपरवायझरना टपालाने पाठवलं. सोबत मर्क्युरीचं किट. एएमटीचे जुने साचे कंपन्यांच्या हातांतून फिरत राहिले, त्यामुळे ते किट पुन्हा निघतं आणि मिळतं. ते आता चौऱ्याहत्तर वर्षांचे. आठवडाभराने रात्री साडेनऊला फोन आला. मला वाटलं आभार मानायला असेल.

त्यांनी नमस्कार-चमत्कारही केला नाही. म्हणाले, छप्पर अडीच मिलिमीटर कमी भरतंय. मी म्हटलं, शक्य नाही, मी पट्टी ठेवून स्कॅन केलंय. ते म्हणाले, हो ना, ती पट्टी छापली गेलीय कडेला, तीच मोजली. पट्टीसकट पान कागदापेक्षा लांब होत होतं आणि प्रिंटरने ते आपल्या मनाने आवळून बसवलं होतं. ते बटण मी बघितलंच नव्हतं.

‘तुझी सहा इंची पट्टी पावणेसहा इंचाची आहे,’ ते म्हणाले. ‘परत पाठव. मी अजून काही कापलेलं नाही.’